तळणीच्या तेलावरची गाडी

सोमवार, १३ ऑक्टोबर

भोरच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "आजी, नाना दिवसाला पाणी किती पितात ते लिहून ठेवत जा." म्हणलं, बाई, माझी शाळा चौथीपर्यंत. ती म्हणाली, पाण्यापुरती बास आहे. वहीवर तिनंच गेनबा असं ह्यांचं नाव घातलं. म्या त्यांचं नाव घेत न्हाई, पण लिहिलेलं खोडायचं तरी कशाला.

आजचं पाणी चार पेले. त्यातला एक चोरून. हंड्याशी धरलं तर म्हणतात, "तोंड ओलं केलं नुसतं." लहान पोराच्या वर झालंय म्हातारं.

सोमवार अन् गुरुवार भोरला जायचं, मशिनीवर रक्त धुवून घ्यायचं अन् घरी यायचं. जाताना कसंबी जातं माणूस. येताना हाल. कापूरहोळला यष्टी बदला, नसरापूरला वडापची जीप बघा, मार्गासनीला उतरून आमच्या वाडीचा चढ चढा. आज नसरापूरच्या फाट्यावर खाली बसले ते उठंनात. पिळून टाकलेल्या फडक्यागत झाले होते. म्हणलं, "उठा, का हितंच जागा बघून ठेवलीय?" चहावाला हसला. हे न्हाई हसले.

रविवार, १९ ऑक्टोबर

हनुमंत सुट्टीवर आला. माझा पोरगा, शिरवळला कंपनीत असतो. भाचा बंडूबी फराळाला आला होता. त्याचं मार्गासनीला गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय. हनुमंत म्हणाला, जुनी का होईना, गाडी घेऊ, सुलक्षणा चालवंल. सुलक्षणा म्हणजे सून. टेम्पो चालवते, घाबरत न्हाई. पण आठवड्याला दोन खेपा, डिझेलला कसं पुरं पडायचं?

मग बंडू म्हणाला, "आत्या, डिझेल कशाला? तेलावर चालवू. माझं विहिरीवरचं इंजिन तळणीच्या तेलावर चालतंय की."

म्हणलं, "आज तेलावर चालव, उद्या म्हणशील ताकावर चालव."

"खरंच. गडाच्या रस्त्यावर एवढी हॉटेलं, वडे तळून तळून काळं झालेलं तेल वढ्यात ओततात. ते आणायचं, गाळायचं. फक्त गाडी जुनी पाहिजे. नव्या गाडीच्या पोटात कम्प्युटर असतो. त्याला असलं तेल दिलं की रुसून बसतो. गाडी जितकी अडाणी तितकी बरी."

"माझ्यासारखी म्हण की."

"व्हय आत्या, पण जरा कमी आवाजाची."

सगळे हसले. म्या म्हणलं, ते सगळं खरं, पण एका म्हाताऱ्यासाठी अख्खी गाडी? असा किती दिवसांचा पाहुणा हाय? हनुमंत "आई" असं वरडला. त्यात वरडायसारखं काय होतं? हे दारात बसून लसूण सोलत होते. हात जरा थांबले, मग परत सोलायला लागले. आताशा ह्यांना ऐकू येतं का न्हाई तेच कळत न्हाई.

पाणी तीन पेले. चकली मागितली, मिठाची म्हणून दिली न्हाई.

रविवार, २६ ऑक्टोबर

भोरात गाडी बघितली. गंगाधरराव म्हणून कचेरीतनं निवृत्त झालेले गृहस्थ हायेत, त्यांची. गाडी अशी की तिच्यात तोंड बघावं. त्यांच्या सरोजताईंनी सरबत दिलं, मला खुर्ची दिली, गाडीच्या आत गार हवा सोडून दाखवली. बंडूनं पुढचं झाकण उघडलं, आत बघितलं अन् लावून टाकलं.

गंगाधरराव म्हणाले, "काय झालं? एक ओरखडा नाही हो."

बंडू म्हणाला, "साहेब, गाडी सोन्यासारखी हाय. पण आमी हिला वड्याचं तेल पाजणार."

ते बिचारे सरबताचा पेला हातात धरून तसेच उभे राहिले. आमी निघालो.

रविवार, २ नोव्हेंबर

आज भोंगवलीला गेलो. हे बी बरोबर होते, म्याच आणलं. ज्याला बसायचं त्याला नको का बघायला?

मानसिंग म्हणून बागायतदार हाय. त्याच्या शेडमध्ये दोन गाड्या, दोन्ही डिझेलच्या, दोन्ही जुन्या. एक जीप अन् एक पांढरी अँबेसडर. बंडू जीपच्या खाली शिरला तो बाहेर येईना. खालनंच वरडत होता, "आत्या, पंप बघ! असला पंप आता मिळत न्हाई! हिला रॉकेल दे, करंजाचं तेल दे, काही दे!" मला काय कळतं पंपातलं. म्या ह्यांना म्हणलं, चढा. ह्यांनी पाय उचलला, जीपच्या पायरीला पोचला न्हाई. परत उचलला. मग दाराला धरून नुसते उभे राहिले. मान खाली.

म्हणलं, "ऱ्हाऊ द्या. जीपवर चढायला काय वरातीत निघालाय?"

मग अँबेसडरचं मागचं दार उघडलं. आत कोंबडी बसली होती, तिला हाकललं. सीट घरातल्या बाकाएवढं रुंद. ह्यांना म्हणलं, आडवे व्हा. आडवे झाले. पाय जरा दुमडावे लागले, पण झोपले. डोळे मिटले. म्या दार लावून बघितलं, लागलं. म्हणलं, हीच घ्यायची.

बंडू म्हणाला, "आत्या, हिचे सगळे पाइप कुजलेत. तेलानं रबर फुगतं, सगळे बदलावे लागतील. सामान शोधत पुण्याला जावं लागंल. जीप घ्या, ऐका."

"जीपमध्ये तुझा पंप झोपणार हाय का तुझे नाना?"

मानसिंग म्हणाला, "आजी, ह्या गाडीत एके काळी मोठमोठे साहेब बसायचे."

म्हणलं, "आता माणूस बसंल."

कागद हनुमंतानं बघितले. पासिंग अजून हाय म्हणाला. येताना ह्यांना विचारलं, आवडली का? म्हणाले, "माझ्यासाठी एवढं नको होतं." म्हणलं, नको होतं तर आजारी कशाला पडला?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घराचं तेलाचं दुकान झालंय. सुलक्षणा हॉटेलांतनं डबे भरून आणते. ते पिपात उन्हाला ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं घ्यायचं, मग फडक्यातनं गाळायचं. माझी दोन लुगडी त्यात गेली. बंडूनं गाडीच्या डिकीत दुसरी टाकी बसवलीय. आधी डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की पायाजवळचा कॉक फिरवून तेल सोडायचं, बंद करायच्या आधी परत डिझेल. न्हाईतर थंडीत तेल आतच गोठून बसंल. सुलक्षणानं एकदाच ऐकलं अन् तिला जमलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गाडीनं पयली खेप केली. हे मागं आडवे, मी पुढं. मार्गासनीच्या खाली सुलक्षणानं कॉक फिरवला. गाडी जरा खोकली, मग चालायला लागली. मागनं भज्यांचा वास. नसरापूरला कुत्री मागं लागली ती पार हायवेपर्यंत.

येताना हे कापूरहोळपासून घरापर्यंत झोपले. आमी दारात उभी केली तरी उठवलं न्हाई, गाडीतच झोपू दिलं. मी बाहेर बसून शेंगा निवडल्या. रतनबाई वरच्या घरातनं आली, म्हणाली, "सगुणाबाई, राखण करताय व्हय?" म्हणलं, गाडी चोरीला जाईल म्हणून बसलेय.

सोमवार, ८ डिसेंबर

थंडी वाढली. पिपातलं तेल तुपासारखं झालंय. बंडूनं इंजिनाच्या गरम पाण्याचा पाइप टाकीतनं फिरवून घेतला, मग वाहायला लागलं. त्याच्यात सकाळ गेली, उशीर झाला, नर्सबाई बोलली. घरी आले तर अंगणभर तेल, पायऱ्या निसरड्या, कपड्यांना वास, भांड्यांना वास. रतनबाई बांधाच्या पलीकडनं म्हणाली, लई करताय तुमी. म्हणलं, "करतीय कसली, अडकलीय. ह्यातनं कधी सुटायचं देव जाणे."

मागं वळले तर हे ओट्यावर. मला वाटलं आत झोपलेत. म्हणाले, "पाणी दे जरा." दिलं. घोटभर प्यायले अन् पेला तसाच ठेवला. एरवी दुसरा मागतात.

शनिवार, १३ डिसेंबर

हे सकाळी मारुतीला गेले. दर शनिवारी जातात, लग्नाच्या आधीपासनं. लोक मारुतीला तेल घालतात, उडीद वाहतात, रुईची माळ घालतात. ते सगळं झालं की हे देव पुसून काढतात अन् खालच्या पन्हळीत साठलेलं तेल डब्यात भरून घरी आणतात. आठवडाभर देवळातला दिवा त्याच्यावर. आजारी पडल्यापासनं डबा उचलवत न्हाई, तरी ऐकत न्हाईत.

आज आले तेव्हा डबा भरलेला होता. दुपारी बघितलं तर रिकामा, घासून पालथा घातलेला. हाताला शेंदूर. विचारलं तर म्हणाले, देवाचं होतं, देवाला दिलं. बरं म्हणलं.

सुलक्षणा सांगत होती, नानांनी आज गाडीतलं सगळं विचारून घेतलं. डिझेलची टाकी कुठली, तेलाची कुठली, झाकण कसं उघडतं. म्हणलं, चांगलं झालं, मन रमतंय.

सोमवार, १५ डिसेंबर

आज गाडी बंद पडली.

मार्गासनीच्या खाली कॉक फिरवल्यावर थोडा वेळ नीट चालली. मग आचके द्यायला लागली. सुलक्षणानं परत डिझेलवर घेतली, तरी न्हाई. नसरापूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला गप झाली. सुलक्षणा बंडूला फोन लावायला लागली. मी मागं वळून बघितलं. हे उठून बसले होते. हात जोडलेले. असा मोकळा चेहरा मी आजारपण लागल्यापासनं बघितला न्हाई.

म्हणाले, "घरी चला."

म्हणलं, "घरी कुठं? मशीन हाय आज."

"आता मशीन न्हाई. चला घरी."

मला वाटलं डोक्यात काही झालं. दुधाचा टेम्पो येत होता, त्याला आडवी उभी राहिले. हे गाडीतनं उतरंनात. म्या काय काय बोलले ते लिहायसारखं न्हाई. टेम्पोवाल्यानं अन् सुलक्षणानं धरून बसवलं. भोरला पोचेपर्यंत ह्यांची पाळी गेलेली. नर्सबाईला हात जोडले, तिनं शेवटी घेतलं. मशिनीवर हे भिंतीकडं तोंड करून पडले.

मंगळवार, १६ डिसेंबर

बंडूनं फिल्टर खोलला अन् मला हाक मारली. आत केशरी चिखल. चिखलात उडदाचा दाणा.

"आत्या, वड्याच्या तेलात शेंदूर कुठनं आला?"

मी तशीच घरात गेले. हे घोंगडी घेऊन बसले होते.

"मारुतीचं तेल गाडीत तुमी घातलं?"

"व्हय."

"का?"

"कौल लावला."

कौल मला ठाऊक हाय. लग्न ठरवायचं, जमीन घ्यायची, काही अडलं की देवाच्या दोन खांद्यांना दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नको. पण गाडीला कौल लावलेला म्या जन्मात ऐकला न्हाई.

म्हणाले, "हात थरथरतात. फूल चिकटवायच्या आधीच पडतं. तो काय कौल झाला? म्हणून त्याचंच तेल गाडीत घातलं. म्हणलं, देवा, तुझ्या तेलावर भोरला पोचलो तर मशिनीवर जात ऱ्हाईन, कुरकूर करणार न्हाई. वाटेत थांबवलीस तर मी सुटलो. अन् ती बी सुटली."

"शेंदरानं फिल्टर चोंदला. त्यात देवाचं काय?"

"मला फिल्टरातलं कळत न्हाई. चालली असती तर म्या मानलंच असतं. थांबली. आता गुरुवारी मी येणार न्हाई."

आवाज चढवला न्हाई, काही न्हाई. उद्या शेतावर जाणार न्हाई असं सांगावं तसं सांगितलं. मशीन सोडलं तर काय होतं ते नर्सबाईनं मला मागंच सांगितलंय. आठ दिवस, लई तर पंधरा.

बुधवार, १७ डिसेंबर

हनुमंताचा फोन आला, त्यानं समजावलं. बंडूनं समजावलं. हे सगळ्यांना "बरं" म्हणतात अन् घोंगडीत जातात. पाणी दोन पेले. मी आज पाण्यावरनं बोलले न्हाई तरी दोनच.

"ती बी सुटली" असं का म्हणाले ते मला उमगंना. मी कुठं म्हणलं मला सुटायचंय? काय वाईट बोलले का, ते आठवून बघितलं. काही सापडलं न्हाई. मी नेहमीसारखीच बोलते.

चुलीपाशी सुलक्षणा म्हणाली, "आई, तुमी एकदा नानांना सांगा."

"काय सांगू?"

"ते आपल्याला हवेत म्हणून."

"असं कुणी सांगतं व्हय? पन्नास वर्सांत त्यांनी मला सांगितलं न्हाई, म्या त्यांना न्हाई."

ती म्हणाली, "मग त्यांना कसं कळायचं?" अन् भाकरी थापायला लागली. आताच्या पोरींना सगळं बोलून दाखवलेलं लागतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

बंडूनं टाकी धुतली, फिल्टर बदलला, नवं गाळलेलं तेल भरलं. गाडी दारात. सुलक्षणा आत बसलेली, इंजिन चालू. हे ओट्यावर घोंगडीत.

म्हणलं, "चला."

"कौल झालाय."

"कौल देवाला लावतात. गाडी माणसांची. भोंगवलीला मी आले, सीट म्या बघितलं, कोंबडी म्या हाकलली, तेल माझ्या लुगड्यातनं गाळलंय. मला विचारलं?"

म्हणाले, "तुला विचारून तू काय सांगितलं असतंस? किती दिवसांचा पाहुणा, म्हणाली होतीस. अन् परवा रतनबाईला म्हणालीस, कधी सुटायचं ह्यातनं."

दिवाळीतलं बोलणं ह्यांनी अजून धरून ठेवलंय. मला वाटत होतं ऐकू येत न्हाई.

म्हणलं, "माझं सगळं बोलणं धरून बसला असता तर लग्नाच्या आठव्या दिवशी पळून गेला असता. तेव्हा न्हाई गेला, मग आताच काय झालं?"

हे हसले न्हाईत. म्हणाले, "बरं. मग आता विचारतो. तूच सांग. जाऊ का थांबू?"

बंडू स्वच्छ काच परत पुसायला लागला. सुलक्षणानं इंजिन बंद केलं. तापत आलेलं इंजिन परत गार पडणार होतं. ह्या वाडीत माझ्या तोंडाला सगळे भितात अन् मला एक शब्द सापडंना. ह्यांचे पाय घोंगडीच्या बाहेर आले होते. सुजलेले. ह्यांना मशिनीवर किती दुखतं ते मला ठाऊक न्हाई, मला कधी सांगितलं न्हाई. मी थांबा म्हणाले असते तर हे खरंच सुटले असते.

म्हणलं, "जायचं."

"कशासाठी?"

"मला पाहिजे म्हणून."

एवढंच आलं.

ह्यांनी घोंगडी बाजूला केली. मग म्हणाले, "टोपी कुठं ठेवलीस?" टोपी आणून दिली. घोंगडी त्यांनीच घडी केली, नीट जमली न्हाई. बंडूच्या खांद्याला धरून उतरले अन् गाडीत बसले. आडवे झाले न्हाईत, बसूनच राहिले. मी आज पुढं बसले न्हाई, मागं त्यांच्या शेजारी बसले.

उतारावरनं मी बाहेर बघत होते. मार्गासनी आली, सुलक्षणानं कॉक फिरवला, मागं वास यायला लागला. नसरापूर जवळ आलं. परवा जिथं थांबली होती तिथनं गाडी पुढं गेली. कुणी काही बोललं न्हाई.

मग हेच म्हणाले, "बोल की काहीतरी. गाडी चालल्यासारखी वाटंना."

म्हणलं, "पाय वर घ्या अन् आडवे व्हा. बसायचंच होतं तर जीप काय वाईट होती?"

आडवे झाले. डोकं कुठं ठेवायचं ते कळंना, तर माझ्या मांडीवर ठेवलं. सुलक्षणा समोर रस्ता बघत होती. ठेवू दिलं.